हॅमिल्टन काउंटीचे दप्तर: एका घराण्याच्या शोधाच्या नोंदी

12 जानेवारी 2025

शोधाचा प्रश्न असा ठरवला आहे: आमच्या विहीणबाईंच्या पणजीचे, म्हणजे त्यांच्या आजोबांच्या आईचे, आईवडील कोण होते आणि ते जर्मनीतल्या कोणत्या गावाहून ओहायो राज्यात आले. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते ते एवढेच की, पणजीचा जन्म 1852 च्या सुमाराचा, तिचे वडील मूळचे हॅनोवरकडचे आणि अमेरिकेत आल्यावर ते ‘हॅमिल्टनला’ स्थायिक झाले. घराण्यातील नावे या नोंदींत मुद्दाम लिहिलेली नाहीत. नात्यांवरून काम भागते.

महसूल खात्यात फेरफार आणि वारस नोंदी तपासण्यात माझी उभी नोकरी गेली, त्यामुळे मुलाकडे सिनसिनाटीत मुक्काम असताना हे काम मी मागून घेतले. येथे घराण्याच्या शोधाचा कणा म्हणजे काउंटी, आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग. विवाहाचे परवाने, मृत्युपत्रे आणि वारसांची प्रकरणे प्रोबेट कोर्टात, जमिनीचे दस्त रेकॉर्डरकडे आणि दिवाणी दाव्यांचे निकाल क्लर्क ऑफ कोर्ट्सकडे, अशी वाटणी असते. सिनसिनाटी ज्या काउंटीत आहे ती हॅमिल्टन काउंटी 1790 मध्ये, म्हणजे ओहायो हे राज्य होण्याच्या 13 वर्षे आधी स्थापन झाली आणि पुढे तिचे तुकडे पडत शेजारच्या काउंट्या निघाल्या. म्हणून कोणत्याही नावामागे धावण्याआधी, त्या वर्षी ती जागा कोणत्या कचेरीच्या हद्दीत होती, हे पाहायचे, असा नियम घालून घेतला आहे. आपल्याकडे जुन्या गावाचा तालुका बदलला की दप्तरही दुसरीकडे जाते आणि नवखा माणूस चुकीच्या खिडकीपाशी दिवस घालवतो. तीच गत येथेही आहे.

19 जानेवारी

शेवटच्या पक्क्या कागदापासून मागे जायचे, म्हणून पणजीच्या मृत्यूच्या दाखल्यापासून सुरुवात केली. ओहायोत 1867 ते 1908 या काळात जन्म-मृत्यूच्या नोंदी काउंटीच्या प्रोबेट कोर्टात होत असत आणि 20 डिसेंबर 1908 पासून हे काम राज्याकडे गेले. पणजी 1926 मध्ये वारली, त्यामुळे तिचा दाखला राज्याच्या नमुन्यातला, म्हणजे बराच सविस्तर आहे. त्यात वडिलांचे नाव आणि जन्मस्थान ‘जर्मनी’ असे लिहिले आहे. आईच्या नावापुढे मात्र ‘माहीत नाही’ असा शेरा आहे.

या दाखल्यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचा रकाना माहिती देणाऱ्याचा. तेथे जावयाची सही आहे. मृत्यूची तारीख, दफनाची जागा आणि डॉक्टरने लिहिलेले कारण यांपुरता हा कागद भक्कम मानायचा. सासूच्या 70 वर्षांपूर्वीच्या जन्माविषयी आणि तिच्या वडिलांविषयी जावई जे सांगतो ते ऐकीव आहे आणि ते तेवढ्याच किमतीचे धरायचे. वडिलांचे नाव म्हणून टिपून ठेवले आहे, सिद्ध झाले म्हणून नाही.

2 फेब्रुवारी

जनगणनेच्या याद्या मागे मागे वाचत गेलो. 1920 आणि 1910 मध्ये विशेष काही नाही. 1900 ची यादी या कामात सर्वांत उपयोगाची, कारण त्या वर्षी प्रत्येकाच्या जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला झालेली वर्षे, आणि स्त्रीला झालेली व हयात असलेली मुले, इतके सगळे विचारले गेले. पणजीपुढे फेब्रुवारी 1852, लग्नाला 28 वर्षे, मुले आठ, हयात पाच, असे आहे. म्हणजे लग्न 1872 च्या आसपासचे. 1890 ची जनगणना वॉशिंग्टनमध्ये 1921 साली लागलेल्या आगीत जवळपास सगळीच नष्ट झाली, त्यामुळे 1900 वरून थेट 1880 वर उडी मारावी लागते.

खरी अडचण 1870 मध्ये आहे. त्या वर्षी सिनसिनाटीत त्याच नावाच्या आणि साधारण त्याच वयाच्या दोन मुली सापडतात, दोघींचेही आईवडील जर्मन. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हा रकाना 1880 पासूनच सुरू झाला. त्याआधीच्या यादीत एका छपराखाली कोण कोण होते इतकेच कळते, त्यातली मुलगी कोण आणि पुतणी किंवा मोलकरीण कोण, ते यादी सांगत नाही. दोन्ही कुटुंबांचे वेगवेगळे टिपण ठेवले. पहिल्या कुटुंबाचा प्रमुख पिंप बनवणारा कारागीर आहे, दुसऱ्याचा शिंपी.

जाता जाता एक निरीक्षण. पिंपे बनवणाऱ्या या गृहस्थांचे जन्मस्थान 1860 मध्ये ‘हॅनोवर’ आणि 1870 मध्ये ‘प्रशिया’ असे लिहिले आहे. माणूस तोच आहे आणि खोटेही कोणी बोललेले नाही. 1866 मध्ये प्रशियाने हॅनोवरचे राज्य खालसा केले, एवढाच या बदलाचा अर्थ आहे.

16 फेब्रुवारी

लग्नाची नोंद हॅमिल्टन काउंटीत शोधली आणि मिळाली नाही. मिळाली नाही म्हणजे लग्न झाले नाही असे नव्हे, कारण येथील दप्तराचा इतिहासच तसा आहे. मार्च 1884 च्या अखेरीस एका खून खटल्यात ज्युरीने आरोपीला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचाच दोषी ठरवल्यामुळे शहरात दंगल पेटली, जमावाने तुरुंगावर आणि मग न्यायालयाच्या इमारतीवर चाल केली, पन्नासहून अधिक माणसे मेली आणि इमारत दप्तरासह जळाली. नंतर काही विवाह आणि काही दस्त लोकांनी घरातील कागद आणून पुन्हा नोंदवून घेतले, पण ज्यांना गरज वाटली नाही त्यांचे गेले ते गेलेच. काउंटीच्या वंशावळ मंडळातील स्वयंसेवकांनी या पुन्हा नोंदवलेल्या विवाहांच्या आणि चर्चच्या नोंदींच्या सूच्या फार चिकाटीने तयार केल्या आहेत. त्याही तपासल्या. पणजीचे नाव त्यांत नाही.

2 मार्च

आगीतून काय वाचले, हा प्रश्न उलट बाजूने विचारला: त्या इमारतीत मुळात काय नव्हते? शहराच्या आरोग्य खात्याच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी काउंटीहून स्वतंत्र होत्या. 1865 ते 1912 या काळातील ही कार्डे आज सिनसिनाटी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने संगणकावर खुली केली आहेत. तेथे दोन गोष्टी हाती लागल्या. शिंप्याची मुलगी 1875 मध्ये अविवाहित असताना क्षयाने वारल्याचे कार्ड मिळाले. नाव, वय आणि पत्ता जनगणनेशी जुळतो, त्यामुळे तिचे टिपण बाजूला ठेवले. पिंपे बनवणारे गृहस्थ 1879 मध्ये वारल्याचेही कार्ड मिळाले.

याचा अर्थ पणजी त्यांचीच मुलगी असा होत नाही. एक पर्याय गळाला म्हणून दुसरा आपोआप सिद्ध होत नसतो, हे वारस नोंदींच्या हरकती ऐकलेल्या माणसाला कोणी वेगळे सांगायला नको.

16 मार्च

लग्न नदीपलीकडे सापडले. सिनसिनाटीच्या समोर, ओहायो नदीच्या दक्षिण काठावर केंटकी राज्यातील कव्हिंग्टन हे शहर आहे. 1867 च्या सुरुवातीस झुलता पूल वाहतुकीला खुला झाल्यावर तेथे जाणे म्हणजे पायी थोडे अंतर. कव्हिंग्टन केंटन काउंटीत येते. या काउंटीला दोन न्यायालये आहेत, एक इंडिपेंडन्सला आणि दुसरे कव्हिंग्टनला, त्यामुळे दोन्हीकडची पुस्तके पाहावी लागतात. पणजीचा विवाह मे 1872 मध्ये कव्हिंग्टनच्या पुस्तकात आहे. सिनसिनाटीत झाला असता तर बहुधा जळाला असता.

केंटकीत त्या काळी परवान्याबरोबर विवाहाचा जामीनकतबा करून द्यावा लागे. या लग्नाला कायद्याने आडकाठी नाही, असे नवरदेव लिहून देई आणि त्याच्यासोबत एक जामीनदार सही करी. हा जामीनदार बहुधा वधूकडचा जवळचा नातलग असतो, म्हणून जाणकार मंडळी वधूवरांच्या नावांइतकेच त्याचे नाव बारकाईने पाहतात. येथे कागद छापील आहे, रिकाम्या जागा शाईने भरलेल्या आहेत, वराची सही इंग्रजी वळणाची आहे आणि जामीनदाराची सही जुन्या जर्मन कुरेंट लिपीत आहे. ती लिपी मला वाचता येत नाही, पण मोडी वाचलेल्या डोळ्याला एवढे कळते की, हात न उचलता लिहिणाऱ्याच्या अक्षरात काना कोठे आणि वेलांटी कोठे, हे शब्दाच्या एकूण वळणावरूनच ठरवायचे असते. सुदैवाने कारकुनाने मजकुरात तेच नाव रोमन अक्षरांत लिहिले आहे. आडनाव पणजीच्या माहेरचे नाही आणि सासरचेही नाही. वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवले.

23 मार्च

शहराच्या वार्षिक पत्तापुस्तिका सार्वजनिक ग्रंथालयात पाहिल्या. जामीनदार गृहस्थ 1872 मध्ये पिंपवाल्यांच्या घरापासून चार दारे सोडून राहत होते. तेही पिंपेच बनवत.

6 एप्रिल

‘हॅमिल्टनला’ या शब्दाचा उलगडा झाला. घरातले सर्वजण आजवर त्याचा अर्थ हॅमिल्टन काउंटी असा घेत आले. पण हॅमिल्टन नावाचे शहर हॅमिल्टन काउंटीत नाहीच. ते उत्तरेकडच्या बटलर काउंटीचे मुख्य ठिकाण आहे आणि ती काउंटी 1803 मध्ये हॅमिल्टन काउंटीतूनच वेगळी काढली गेली. नवीन आलेल्या माणसाने गावाचे नाव सांगितले असणार आणि नातवंडांनी ते काउंटीचे समजले, हे मला अधिक संभवनीय वाटले, म्हणून बटलर काउंटीचे दप्तर उघडले. 1884 च्या दंगलीशी त्याचा काही संबंध नाही.

दोन कागद मिळाले. पहिला नागरिकत्वाच्या इच्छेचे निवेदन, 1850 चे. सप्टेंबर 1906 पूर्वी नागरिकत्वाचे काम दप्तर ठेवणाऱ्या कोणत्याही न्यायालयात होऊ शकत असे, त्यामुळे माणूस पुढे शहरात राहिला तरी निवेदन तो प्रथम जेथे उतरला तेथे सापडू शकते. मजकूर मात्र तुटपुंजा: नाव, आणि हॅनोवरच्या राजावरील निष्ठा सोडत असल्याची प्रतिज्ञा. गावाचे नाव नाही. बायकोचे नाव असण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा कागद 1857 चे खरेदीखत. या गृहस्थांनी बटलर काउंटीतील लहानसे शेत विकले आणि ते सिनसिनाटीत आले, असे त्यावरून दिसते. जमिनीचे वर्णन सेक्शन, टाउनशिप आणि रेंज यांच्या आकड्यांनी केलेले आहे. सहा मैल बाजूचा चौरस म्हणजे टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, प्रत्येक सेक्शन 640 एकरांचा. चतुःसीमा, ओढे आणि आंब्याची झाडे यांनी जमीन ओळखण्यात आयुष्य गेलेल्या मला ही पाटीवर पट्टी मारल्यासारखी जमीन आधी कृत्रिम वाटली होती, पण नकाशावर जागा पाच मिनिटांत सापडते हे कबूल केले पाहिजे.

या खरेदीखताचा शेवटचा परिच्छेद नीट वाचण्यासारखा आहे. नवऱ्याच्या स्थावरावर बायकोचा हयातीपुरता विधवाहक्क असे आणि तो सुटल्याखेरीज घेणाऱ्याचा हक्क निर्वेध होत नसे. म्हणून अधिकाऱ्याने तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन, मजकूर समजावून, ती राजीखुशीने हक्क सोडत आहे का, असे विचारले आणि तसे लिहून घेतले. त्या चौकशीमुळे पिंपवाल्यांच्या बायकोचे नाव दप्तरात पूर्ण उमटले आहे. सहीच्या जागी तिने फुली केली आहे आणि फुलीच्या दोन बाजूंना कारकुनाने ‘तिची’ आणि ‘निशाणी’ असे शब्द लिहिले आहेत. माहेरचे आडनाव नाही. खरेदीखतात ते असत नाही.

27 एप्रिल

संपूर्ण शोधाचा सांधा आज जुळला. हॅमिल्टन काउंटीच्या रेकॉर्डरकडील दस्तांना देणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची अशा दोन स्वतंत्र सूच्या असतात. आपल्या दुय्यम निबंधकाकडची सूची दोन ज्यांनी चाळली आहे त्यांना त्या परक्या वाटणार नाहीत. पुष्कळजण केवळ आपल्या पूर्वजाचे नाव शोधतात आणि तो मेल्यावर सूची मिटून ठेवतात. खरे तर वारसांचे व्यवहार माणूस मेल्यानंतरच होतात. म्हणून 1879 नंतरची दहा-पंधरा वर्षे देणाऱ्यांच्या सूचीत त्या आडनावाखाली पाहत गेलो आणि 1889 चे हक्कसोडपत्र मिळाले.

ब्रेमेन स्ट्रीटवरील घराची जागा थोरल्या मुलाच्या नावे करून देण्यासाठी सर्वांनी मिळून केलेला हा दस्त आहे. लिहून देणारे असे: मृताची विधवा, धाकटा मुलगा व त्याची बायको, आणि तीन मुली आपापल्या नवऱ्यांसह. तिघींपैकी मधली म्हणजे आमची पणजी, तिच्या सासरच्या पूर्ण नावाने, आणि शेजारी 1872 च्या जामीनकतब्यावर सही करणारा तिचा नवरा. मृत गृहस्थांचे कायदेशीर वारस हेच, असे दस्तात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. जावयाच्या तोंडून आलेला 1926 चा ऐकीव तपशील आता पणजीच्या स्वतःच्या सहीने आणि तिच्या आईच्या, भावांच्या साक्षीने उभा राहिला. जन्माचा दाखला नसताना नाते सिद्ध करायचे तर जमिनीच्या कागदासारखा कागद नाही, असे माझे येथेही मत झाले, कारण एखादा वारस राहून गेला तर घेणाऱ्याचे नुकसान होते आणि म्हणून नावे गाळू न देण्याची काळजी परकाच माणूस घेतो.

विहीणबाईंना दस्ताची प्रत वाचून दाखवली. तिन्ही बहिणींची नावे त्यांनी प्रथमच ऐकली; धाकटीच्या वंशजांशी आपण लहानपणी नाताळात भेटत होतो आणि ते नेमके कोण लागतात हे घरात कोणाला सांगता येत नव्हते, असे त्या म्हणाल्या.

4 मे

ब्रेमेन स्ट्रीट आजच्या नकाशावर सापडत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनद्वेषाची लाट आली तेव्हा 1918 मध्ये शहराने जर्मन नावाच्या रस्त्यांची नावे बदलली. ब्रेमेन स्ट्रीटचे रिपब्लिक स्ट्रीट झाले आणि जर्मन स्ट्रीटचे तर चक्क इंग्लिश स्ट्रीट. ओव्हर-द-राइन या जुन्या जर्मन वस्तीत जाऊन रस्ता पाहिला. उंच, अरुंद विटांची घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत, खिडक्यांवर दगडी कमानी आणि छताच्या कडेला नक्षीदार लाकडी पट्टी. दस्तातील जागा नेमकी कोणती, हे घरांच्या क्रमांकांवरून ठरवण्याचा प्रयत्न केला नाही. आग-विम्याच्या सॅनबॉर्न नकाशांशी ताडून पाहिल्याशिवाय ते करणे योग्य नव्हे.

18 मे

स्प्रिंग ग्रोव्ह हे 1845 मध्ये स्थापन झालेले येथील मोठे दफनस्थान आहे आणि त्याच्या दफननोंदींची कार्डे पाहता येतात. वडिलांच्या 1879 च्या कार्डावर जन्मस्थान नुसते ‘जर्मनी’. आई 1893 मध्ये वारली. तिच्या कार्डावर जन्मस्थान ब्राम्शे असे लिहिले आहे, आणि आईवडिलांच्या रकान्यात तिच्या वडिलांचे नाव आडनावासह आहे. ते आडनाव 1872 च्या जामीनदाराचेच आहे.

म्हणजे जामीन राहिला तो बहुधा वधूचा मामा. आपल्याकडे मामा भाचीला बोहल्यावर आणतो; येथे तो पूल ओलांडून कारकुनापुढे उभा राहिला. ‘बहुधा’ हा शब्द मी काढणार नाही, कारण आडनाव, धंदा आणि चार दारांचे अंतर यांवरून बहीण-भावाचे नाते फक्त सुचते. तो चुलतभाऊही असू शकतो. पणजीचे आईवडील मात्र ठरले, आणि आईचे गावही.

1 जून

ब्राम्शे हे ओस्नाब्रुकच्या उत्तरेला आहे. 1830 नंतरच्या दशकांत त्या टापूतून फार मोठ्या संख्येने लोक सिनसिनाटीला आले. त्यांत स्वतःची जमीन नसलेले, मोठ्या शेतकऱ्याच्या आवारात खोपटे घेऊन त्या बदल्यात कामाला जाणारे पुष्कळ होते. तिकडची पुढची पायरी म्हणजे चर्चची बाप्तिस्म्याची आणि विवाहाची पुस्तके.

तेथे शोध घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. प्रॉटेस्टंट घरांत मुलाला दोन किंवा तीन नावे देत आणि हाक दुसऱ्या नावाने मारत, त्यामुळे पुस्तकात पानेच्या पाने ‘योहान’ दिसतात आणि अमेरिकेत तोच माणूस दुसऱ्याच नावाने वावरतो. दुसरी गोष्ट अधिक घोळाची. ओस्नाब्रुक आणि वेस्टफालियाच्या भागात आडनाव पुष्कळदा शेतवाडीबरोबर जाई. वाडीची वारस मुलगी असेल तर तिच्याशी लग्न करून तेथे राहायला गेलेला नवरा वाडीचे नाव घेई आणि मुलेही त्याच नावाने ओळखली जात. म्हणून जामीनदाराचे आडनाव ब्राम्शेत सापडले तरी तेवढ्यावर रक्ताचे नाते धरता येणार नाही. कोण कोणत्या वाडीवर केव्हा आला, ते आधी मांडावे लागेल.

ब्राम्शेच्या चर्च कार्यालयाला पत्र लिहिले आहे. त्यात आईचे जन्माचे अंदाजी वर्ष, तिच्या वडिलांचे नाव आणि शोधायच्या वर्षांची मर्यादा एवढेच दिले आहे. लांबलचक वंशकथा पाठवली तर उत्तर देणाऱ्याचा वेळ ती वाचण्यात जातो. बटलर काउंटीतील 1857 पूर्वीची घेणाऱ्यांची सूची तपासायची राहिली आहे. शेत विकले त्याचा दस्त मिळाला, ते कोणाकडून घेतले त्याचा अजून नाही, आणि विकणारा जर त्याच जामीनदाराच्या आडनावाचा निघाला, तर ‘बहुधा’विषयी पुन्हा विचार करता येईल.